स्कॉच पलटणींचा बॅगपाइप आणि आमची सनई

दरवर्षीं २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकांत 'बीटिंग रिट्रीट' नांवाचा लष्करी वाद्यांचा समारंभ होतो, व तो दूरचित्रवाणीवर पाहण्याचा प्रघात आतां पुष्कळ घरांतून पडला आहे. त्यांत पितळी वाद्यांच्या जोडीला एक निराळेंच पथक येतें. काखेंत फुगलेली पिशवी, खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या, तोंडांत एक नळी आणि बोटांखालीं आणखी एक. घरांतील एखादा चौकस मुलगा अशा वेळीं हटकून विचारतो, "आजोबा, हें वाद्य तर इंग्रजांचें ना? मग तें आपल्या शिपायांजवळ अजून कां?" प्रश्न लहान तोंडचा असला तरी लहान नाहीं. "तशी पद्धतच आहे" एवढें म्हणून वेळ मारून नेणें, ज्यानें शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलें त्यास शोभत नाहीं. म्हणून या वाद्याची हकीकत, तें कसें ऐकावें, आणि त्याच्या निमित्तानें आपल्या दारच्या वाजंत्र्यांविषयीं काय सुचतें, हें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यास आपण सरसकट इंग्रजी वाद्य म्हणतों, तें मुळांत इंग्रजांचें नव्हे. कातड्याच्या पिशवींत हवा भरून नळ्या वाजविण्याची युक्ति युरोपांतील व पश्चिम आशियांतील अनेक देशांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. परंतु ज्या थोर आकाराच्या व खणखणीत आवाजाच्या बॅगपाइपनें जगभर नांव मिळविलें, तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखाचा, म्हणजे हायलंड्सचा. तेथील लोकांची भाषा गेलिक. पोशाख निराळा, कुळांची व सरदारांची व्यवस्था निराळी. आपल्या भरतमुनींनीं वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले. त्यांपैकीं हें सुषिर वाद्य. कातडी पिशवीस संस्कृतांत 'दृति' म्हणतात. हिंदींत तीच मशक, व तिच्यावरून उत्तर हिंदुस्थानांत या वाद्यास मशकबीन हें नांव पडलें.

आमच्या वऱ्हाडानें हा स्वर ऐकल्यास दोनशें वर्षें उलटून गेलीं आहेत, आणि तो ऐकिला तो उत्सवांत नव्हे, रणांगणावर. इ. स. १८०३ मध्यें कंपनी सरकारचें शिंदे व भोसले यांच्याशीं युद्ध जुंपलें. जनरल वेलस्ली याच्या सैन्यांत ७४ वी व ७८ वी अशा दोन हायलंडर पलटणी होत्या. ऑगस्टांत अहमदनगर पडलें. २३ सप्टेंबर रोजीं हल्लींच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें घनघोर लढाई झाली. २९ नोव्हेंबर रोजीं अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यांतील अडगांवच्या मैदानावर पुन्हां गांठ पडली. आणि १५ डिसेंबरास गाविलगडचा किल्ला गेला. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून वेगळा झाला. तेव्हां अडगांव हें आमच्याच जुन्या जिल्ह्यांतलें गांव. वाशीमहून अकोला व अकोट या मार्गानें तेथें सहज जातां येतें. इतिहासाच्या पुस्तकांत असईस मोठें स्थान आहे, अडगांवास ओळभर जागा. परंतु आपल्या विषयाची खरी कथा या दोन गांवांच्या मध्यें आहे.

असईच्या लढाईंत वेलस्लीच्या सैन्याची फार हानि झाली. ७४ व्या पलटणीचे तर जवळ जवळ सारे अधिकारी कामास आले किंवा जखमी झाले. त्या वेळीं हुकूम सुटला कीं, वाद्यें वाजविणारांनीं वाद्यें ठेवून जखमींना उचलावें व पिछाडीस वैद्यांकडे पोहोंचवावें. ७८ व्या पलटणींतील एका पाइप वाजविणाऱ्यास वाटलें, हुकूम आपल्यासही लागू आहे. त्यानें बॅगपाइप खालीं ठेविला व जखमींच्या सेवेस लागला. लढाई संपल्यावर त्याचे सोबती त्याला टाकून बोलूं लागले. बासरी व सनईसारखीं वाद्यें फुंकणारे पिछाडीस गेले तर बिघडलें नाहीं; पण पाइपवाल्यानें ऐन धुमश्चक्रींत उभें राहावयाचें, तो त्यांच्याबरोबर मागें गेला, हें कोणीं कधीं ऐकिलें होतें काय? बिचारा खजील होऊन गेला. पुढें दोन महिन्यांनीं अडगांवास पलटण चाल करूं लागली, तेव्हां त्यानें अशा आवेशानें पाइप फुंकला कीं, शिपाई रांग मोडून वेळेआधींच शत्रूवर धांवून जातात कीं काय असें झालें. अखेर पलटणीचे मुख्य कर्नल ॲडम्स यांस त्याला गप्प करावें लागलें. हायलंडर पलटणींचा इतिहास लिहिणारे डेव्हिड स्ट्युअर्ट यांनीं आपल्या १८२२ सालच्या ग्रंथांत ही कथा दिली आहे. तींत वादकाचें नांव येत नाहीं.

जखमींस उचलणें हें पुण्यकर्म; तें केल्याबद्दल मनुष्य लज्जित व्हावा, यांत आपणांस विपरीत वाटेल. मलाही वाटतें. परंतु त्या लोकांच्या दृष्टीनें पाहिलें तर अर्थ उघड होतो. त्यांच्या पलटणींत पाइप वाजविणें ही करमणूक नव्हती, तें एक पद होतें. आपल्याकडे महाभारतांत प्रत्येक वीराच्या शंखास स्वतंत्र नांव आहे, पांचजन्य, देवदत्त, पौंड्र. तो शंख फुंकणें हा युद्धाचाच भाग. त्याच जातीची ही भावना. अडगांवच्या त्या सुरांचा परिणाम आपल्या प्रांतास मात्र कडू झाला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा मुलूख त्यांच्या हातून गेला.

आतां हे फुंकणारे कोण होते, तेंही पाहिलें पाहिजे. १७४६ च्या एप्रिलांत, स्टुअर्ट राजपुत्राच्या पक्षानें उठलेल्या हायलंडरांचा सरकारी फौजेनें कलोडनच्या माळावर पुरा मोड केला. पकडलेल्यांत जेम्स रीड नांवाचा एक पाइपवाला होता. आपण हत्यार धरिलें नाहीं, केवळ वाद्य वाजविलें, असा त्याचा बचाव होता. न्यायासनानें ठरविलें कीं, हायलंडर पलटण पाइपवांचून कधीं चालत नाहीं, तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें पाइप हें युद्धाचेंच साधन. आणि त्याच वर्षीं यॉर्क येथें त्यास फांशी दिलें. पुढें कायद्यानें हायलंडरांचीं शस्त्रें व त्यांचा पोशाख यांवर बंदी आली. बॅगपाइपवरही कायद्यानें बंदी घातली होती असें पुष्कळदां सांगतात, परंतु त्या कायद्यांत वाद्याचें नांव नाहीं. मग याच लोकांच्या पलटणी उभारून सरकारनें त्यांस दूरदेशीं धाडण्यास आरंभ केला. ७८ वी पलटण सीफोर्थच्या मॅकेन्झी सरदारानें १७९३ सालीं उभारली. कलोडनपासून अडगांवपर्यंत सत्तावन वर्षें होतात. ज्यांचे आजे आपल्या माळावर हरले, ते नातू आपल्या सुरांसह आमच्या माळावर आले. त्यांच्या शेजारीं कंपनीचे जे शिपाई लढले, त्यांतही बहुसंख्य हिंदीच होते, हें विसरून चालणार नाहीं. वाद्यास शत्रु ठरविण्यापूर्वीं एवढा हिशेब मनांत असावा.

आतां वाद्याची रचना पाहूं. कारण ती समजली कीं ऐकण्याचा आनंद दुणावतो. वादक तोंडांतील नळीनें पिशवींत हवा भरतो. नळीच्या बुडाशीं झडप असते, तिच्यामुळें हवा परत येत नाहीं. पिशवी काखेंत दाबली कीं हवा नळ्यांत शिरते. त्यामुळें वादक श्वास घेत असतांनाही स्वर तुटत नाहीं. खांद्यावरील तीन नळ्यांस ड्रोन म्हणतात. त्यांतून एकच स्वर अखंड निघतो. दोन लहान नळ्या षड्जाच्या खालच्या सप्तकांत बोलतात, व लांब तिसरी नळी आणखी एक सप्तक खालीं. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा व खर्जाची एक तार ज्यानें ऐकिली आहे, त्यास याहून अधिक सांगणें नको. बोटांखालची नळी म्हणजे चँटर. तींत सनईप्रमाणेंच दुहेरी पत्ती असते. तिच्यांतून नऊच स्वर निघतात, खालच्या कोमल निषादापासून तार षड्जापर्यंत. मधले सारे शुद्ध, निषाद तेवढा कोमल. म्हणजे आपला खमाज थाट! पेटीवर षड्ज जुळवूं गेल्यास तो काळी पांचच्या किंचित् वर लागतो.

या वाद्यास दोन मोठ्या मर्यादा आहेत. एक म्हणजे त्याचा आवाज लहानमोठा करतां येत नाहीं. दुसरी अशी कीं, चँटरचा स्वर मध्येंच थांबवितां येत नाहीं. सनईवाला जिभेनें स्वर तोडतो, येथें जीभ पत्तीपर्यंत पोहोंचतच नाहीं. मग 'सा सा' असा एकच स्वर दोनदां वाजवावयाचा कसा? तर मध्यें निमिषभर दुसऱ्या स्वराचा स्पर्श करावयाचा. आपल्या गायनांतील कणस्वर तो हाच. या कणांचे लहान लहान गुच्छ बांधून त्यांनीं त्याचें एक शास्त्रच केलें आहे. शिकणारा कित्येक महिने पिशवीशिवाय नुसत्या चँटरवर तेंच घोटतो. अडचणींतून अलंकार निर्माण झाला, असें हें सुंदर उदाहरण आहे.

त्यांच्यांत घराणींही होतीं. स्काय बेटावर मॅक्लिऑड सरदारांच्या पदरीं मॅक्रिमन नांवाचें वंशपरंपरा पाइप वाजविणारें कुळ होतें, व बोरेरेग येथील त्यांच्या घरीं दूरदूरचे शिष्य शिकावयास राहत. विद्या तोंडीच दिली जाई. आपण तबल्याचे बोल म्हणतों, तसे स्वरांस व कणांस अक्षरें योजून ते सारी चीज मुखानें म्हणून दाखवीत. या पद्धतीस 'कॅंटरॉख्त' म्हणतात. त्यांच्या संगीताचे भाग दोन. कूच, नृत्य यांचें तें 'लहान संगीत'. आणि ज्यांत एक संथ मूळ सुरावट मांडून, तिच्यावर क्रमानें अधिकाधिक गुंतागुंतीचे विस्तार करून, शेवटीं पुन्हां त्या मुळाशीं यावयाचें, तें 'थोर संगीत'. आपल्या विलंबित ख्यालाच्या श्रोत्यास हें थोर संगीत परकें वाटूं नये.

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें व नातवंडें परदेशीं आहेत, व तेथें जाण्यायेण्याचे प्रसंग येतात. स्कॉच लष्करी पथकें फार दिवसांपासून देशोदेशीं दौरे काढून तिकिटें लावून जलसे करीत आलीं आहेत. १९६३ च्या नोव्हेंबरांत 'ब्लॅक वॉच' पलटणीचें पथक अशाच अमेरिकेच्या दौऱ्यावर होतें. तारीख १३ रोजीं त्यांनीं अध्यक्ष केनेडी यांच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर वादन केलें. बारा दिवसांनीं त्याच पथकांतील नऊ पाइपवाले केनेडींच्या अंत्ययात्रेंत वाजवीत चालले. स्कॉटलंडच्या जुन्या पायदळ पलटणी २००६ सालीं एका 'रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड'मध्यें विलीन झाल्या. पाइप मात्र राहिले.

कांहीं वर्षांमागें पुतण्याकडे गेलों असतां अशा एका दौऱ्यावरील पथकाचा जलसा ऐकण्याचा मलाही योग आला. स्थळ म्हणजे एक बंदिस्त क्रीडागृह. प्रथम पितळी वाद्यांचें पथक स्थानापन्न झालें. मग दूरच्या दारांत ढोलांचा घुमारा उठला, ड्रोनचा भरदार आवाज भरला, आणि एका ठोक्यास सर्व चँटर एकदम बोलूं लागले. तो एकदमचा आरंभ हीच पथकाची परीक्षा. एकाचीही नळी आधीं वा मागून बोलली तर जाणकार मान हलवितात. पुतण्याच्या लहान मुलीनें कानांवर हात ठेविले.

"आजोबा, हे हळू कां नाहीं वाजवत?"

"येतच नाहीं त्यांना हळू वाजवतां. डोंगरांत वाजवायचें वाद्य तें, खोलींतलें नव्हे."

"मग आपण डोंगरांत जाऊन बसूं या का?"

आम्ही डोंगर म्हणून पाठीमागच्या सर्वांत उंच रांगेंत जाऊन बसलों, व तेथून सारें फार गोड ऐकूं आलें. वाचकांपैकीं कोणास असा प्रसंग आल्यास पुढच्या महाग जागांचा मोह धरूं नये, एवढें अनुभवानें सांगतों. लक्ष द्यावें तें तीन गोष्टींकडे. पथकांतील सारे ड्रोन मिळून एकच नळी वाजते आहे असें वाटतें काय; ताशासारखे आवळलेले लहान ढोल सुरावटीशीं प्रश्नोत्तर करतात कीं नुसता गलका; आणि कूच संपून नृत्याची द्रुत लय लागतांना सांधा दिसतो काय. शेवटीं दिवे मालवून एकच वादक उंच सज्जांत उभा राहिला व त्यानें एक संथ विलापिका वाजविली. माझ्या शेजारीं एक वृद्ध बाई चौकड्यांची शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांच्या पणजोबांनीं स्कॉटलंड सोडलें. त्यांनीं स्वतः तो देश पाहिलाही नव्हता. त्या डोळे पुसत होत्या. आमच्या पुतण्याच्या घरीं गणपतींत सनईची मुद्रिका लावतात, तेव्हां तेथें जमणाऱ्या मंडळींचे चेहरे मला त्या वेळीं आठवले.

तथापि टाळ्या देणारे लोक वादकाच्या पोटाचा विचार नेहमींच करतात असें नाहीं. २० ऑक्टोबर १८९७ रोजीं वायव्य सरहद्दीवर दरगाई येथें गॉर्डन हायलंडर पलटणीचा पाइपवाला जॉर्ज फिंडलेटर याच्या पायांत गोळ्या लागल्या. तो तेथेंच बसून वाजवीत राहिला. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याबरोबरचें वर्षासन दहा पौंडांचें. सैन्यांतून सुटल्यावर तो लंडनच्या अल्हांब्रा नाट्यगृहांत पैसे घेऊन वाजवूं लागला, तेव्हां वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. पदकाची शोभा जाते, असा त्यांचा सूर. गोळ्या लागल्या असतां वाजविणें भूषण, आणि घर चालविण्यासाठीं वाजविणें दूषण, हा न्याय विचित्र खरा. पण तो केवळ साहेबाच्या देशांतला आहे काय?

मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शीख, गुरखा वगैरे पलटणींनीं हें वाद्य उचललें व आपल्या चाली त्यावर बसविल्या. स्वातंत्र्यानंतर आमच्या सेनेनें तें टाकून दिलें नाहीं. बेळगांव येथें मराठा लाइट इन्फन्ट्रीचें केंद्र आहे. तेथील जवानही पाइप फुंकतात, आणि फुंकणारा श्वास मराठी असतो. बीटिंग रिट्रीटमध्यें पूर्वीं नेहमीं वाजणारी एक ख्रिस्ती प्रार्थना २०२२ सालीं वगळून तेथें 'ऐ मेरे वतन के लोगो' घेण्यांत आलें. वाद्यें तींच राहिलीं. गढवाल व कुमाऊंमध्यें तर पेन्शन घेऊन परतलेल्या शिपायांबरोबर मशकबीन गांवांत गेली, आणि आज तेथें ती वरातीपुढें वाजते. रणवाद्याचें मंगलवाद्य झालें. तेव्हां मुलास सांगावें, "बाळ, हें वाद्य हरलेल्या डोंगरी लोकांनीं जपलें, आपल्या शिपायांनीं आपलेंसें केलें. जो त्यास श्वास देतो, त्याचें तें."

परंतु एवढें सांगून आपण मोकळे होत नाहीं. ज्या देशानें मशकबीनीस वरातींत मान दिला, त्याच देशांत आपण स्वतःच्या सनईस काय देतों? वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह या वत्सगुल्मांतच लागल्याचें वर्णिलें आहे. ज्या नगरीला साक्षात् काव्याच्या लग्नाचा मान, तेथें तरी वाजंत्र्यांस पहिला विडा मिळावयास हवा होता! प्रत्यक्षांत आम्हीं त्यांना मांडवाबाहेर बसविलें. पहांटे ते वाजवीत, तेव्हां घर निजलेलें असे. दुपारीं पंगती उठत, तेव्हां त्यांचें पान मांडलें जाई. जातीच्या उतरंडीनें त्यांची जागा ठरविली, आणि सुरांशिवाय मंगलाष्टकें मात्र आमचीं चालत नव्हतीं. सूर धरणारा वादक गालांत हवा सांठवून नाकानें श्वास घेत अखंड षड्ज लावतो. जें काम हायलंडरची पिशवी करते, तें हा मनुष्य आपल्या देहानें करतो. ही किती कठीण विद्या आहे, हें आपल्यापैकीं कितीजणांनीं त्यास विचारिलें?

आतां तर लग्नांत मुद्रित सनई लागते, व मिरवणुकींत भिंतीएवढे कर्णे. सनईवाल्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यास जातो. त्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. विद्येनें अन्न व मान दोन्ही मिळत नसतील तर ती विद्या मुलास शिकवावी असें कोणत्या बापास वाटेल? स्काय बेटावरील मॅक्रिमन कुळ सरदारानें दिलेल्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या टिकलें. तो आश्रय आटला, तशी ती शाळाही बंद पडली. आपल्याकडील गांवगाड्यांत वाजंत्र्यांस जें बलुतें वा इनाम असे, तेंही गेलें. त्याच्या जागीं आपण कांहीं ठेविलें नाहीं.

म्हणून घरांत कार्य निघेल तेव्हां कर्त्या मंडळींनीं पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी विनंती आहे. वाजंत्री सांगावेत ते जिवंत, निदान सीमंतपूजन व मुहूर्त या दोन वेळांसाठीं तरी. त्यांची बैठक मांडवांत, सर्वांस दिसेल अशी असावी. मोबदला ठरवितांना घासाघीस करूं नये. मंडपाच्या फुलांस आपण किती मोजतों हें आठवावें. पहिल्या पंगतींत त्यांचीं पानें असावींत, व वाढणारे हात घरच्यांचे असावेत. आणि आमंत्रणपत्रिकेंत जेथें मंगल कार्यालयाचें नांव छापतों, तेथें सनईवादकाचेंही छापावें.

अडगांवच्या त्या पाइपवाल्याचें नांव कथेंत आलें नाहीं. आमच्या लग्नांच्या छायाचित्रांच्या जाड जाड संग्रहांतूनही वाजंत्र्याचें नांव कोठें सांपडत नाहीं. तें विचारून लिहून ठेवण्यास फारसा वेळ लागत नाहीं.